चुकलेलं ताट

४ एप्रिल

आज हंस आले. आणि आजच आमच्या आकिमने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, दुकानासमोर उभं राहून जाहीर केलं की शहराकडचा नवा रस्ता बोरूच्या तळ्यातून जाणार. तळं बुजवणार. या दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या याची इतिहासाला नोंद हवी, म्हणून ही वही सुरू करतो आहे. इतिहास आमच्या गावापर्यंत येईलच असं नाही, कारण रस्ता खराब आहे. पण आपली तयारी असावी.

आकिम बेक्तेमिर हा माझा धाकटा चुलतभाऊ आणि माझा माजी विद्यार्थी. भूगोलात काठावर पास.

"तळ्याने आपल्याला दिलं काय, आगाय?" त्याने सगळ्यांदेखत विचारलं. निवृत्त झालो तरी गाव मला आगायच म्हणतं, म्हणजे मास्तर. "डास दिले. रस्ता झाला की गाड्या थांबतील, चहाच्या टपऱ्या निघतील."

त्यावर मला फार समर्पक उत्तर सुचलं, पण ते घरी पोचल्यावर.

संध्याकाळपर्यंत तळं संरक्षण समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी, सेयितकाली. सचिव माझी बायको कुल्याश. तिने अर्ज केला नव्हता, ती कणीक तिंबत होती, पण नाही म्हणाली नाही. मानद सदस्य शेजारच्या बातिमा आजे, म्हणजे आजी, ज्यांच्याहून वयाने मोठं गावात फक्त तळंच आहे. गुप्त माहिती विभाग माझी मुलगी मार्जान हिच्याकडे. ती आमच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि आलेलं प्रत्येक स्थळ नाकारण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

९ एप्रिल

शत्रू आला. तलगात नावाचा रस्ते खात्याचा तरुण इंजिनियर. मोटारीतून उतरला, तीन पायांचं यंत्र उभं केलं आणि काठावर लाल खुंट्या ठोकायला लागला. रस्ता तळ्यातून न्यायचा की आणखी कुठून, हे याच्या अहवालावर ठरणार आहे. म्हणजे तळ्याचा जीव या पोराच्या मुठीत.

मी सगळी पदकं छातीवर लावून गेलो. शाळेच्या मळ्यातल्या बटाट्यांसाठी मिळालेलं पदकसुद्धा. यंत्रासमोर उभा राहिलो आणि मध्य आशियातल्या जलाशयांच्या ऱ्हासावर बोलायला सुरुवात केली. तो टोपी काढून ऐकत होता. मग नम्रपणे म्हणाला, "आगाय, जरा डावीकडे सरकता का? टेकडी दिसत नाही."

मी सरकलो. सरकायला नको होतं, हे नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात गारांचा पाऊस सुरू झाला. पोरगा आमच्या फाटकापाशी भिजत उभा. दारात आलेला माणूस उपाशी परत गेला तर घराची बरकत जाते. हा नियम ज्याने केला त्याला समिती चालवावी लागली नव्हती. नाइलाजाने म्हटलं, "ये आत."

आमच्याकडे पाहुण्याला चहा वाटीच्या तळाशी घोटभरच देतात. तो संपला की पुन्हा घोटभर. याचा अर्थ, बसा, आम्हाला घाई नाही. वाटी काठोकाठ भरून दिली तर अर्थ असा की प्या आणि निघा. चहा ओतायला मार्जान बसली होती. मी तिच्या कानाशी लागलो, "काठोकाठ भर."

तिने इतका थोडा ओतला की वाटीच्या तळाला रंगवलेलं फूलसुद्धा बुडालं नाही. मी खाकरलो. दुसऱ्या खेपेला त्याहून थोडा. तो पोरगा संध्याकाळपर्यंत वाट्या पुढे करत राहिला आणि ही ओतत राहिली. शहरात शिकून पोरी साध्या रीतीभाती विसरतात. तसं मी कुल्याशला बोलून दाखवलं.

"विसरलीच हो," ती म्हणाली, आणि जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी काढली. हिवाळाभर मला या बरणीला हात लावू दिला नव्हता.

१७ एप्रिल

कृतीची वेळ आली होती. मी आणि बातिमा आजेंनी काठावरच्या खुंट्या उपटल्या. आजे काठीने माती सैल करायच्या, मी ओढायचो. खुंट्या त्यांनी टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या. तलगात दुपारी आला, आजेंना सलाम केला आणि विचारलं, "आजे, अजून हव्यात?"

"काकडीला लागतील," आजे म्हणाल्या.

त्याने गाडीतून काढून दिल्या. अशा माणसाशी लढायचं तरी कसं?

शत्रूवर सतत नजर हवी. मार्जानने हे काम आपणहून मागून घेतलं, याचं मला कौतुक वाटलं. शाळा सुटली की दुर्बीण घेऊन तळ्यावर जाते. संध्याकाळी अहवाल देते.

"आज तो बोरूत बसून हंसांचं घरटं बघत होता, पापा. मग विचारलं, हंस जन्मभर एकच जोडीदार धरतात हे खरं का."

"हे कशासाठी हवंय त्याला? तू काय सांगितलंस?"

"खरं आहे म्हणून."

"चूक केलीस. शत्रूला माहिती पुरवायची नसते."

यापुढे जपून बोलेन असं तिने कबूल केलं. पाळत ठेवणाऱ्यालाही भूक लागते म्हणून हल्ली ती बाउरसाक तळून नेते. गव्हाचे ते गोळे मी मोजत नाही, पण डबा चांगला मोठा असतो.

२४ एप्रिल

टेकडीमागच्या गवतात आमची शेळी एका लाल खुंटीला अडखळून पडली. तिथे खुंटी कुठून आली कोण जाणे. पोरांचा खेळ असेल. मला तळं सोडून तिकडे बघायला सवड नाही.

३ मे

शाळेच्या सभागृहात गावसभा झाली. माझं भाषण उत्तम झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बेक्तेमिर बोलला, त्यालाही वाजवल्या. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी कोणीच बोलत नसतानाही एकदा वाजवल्या. सभेनंतर जो तो मला म्हणाला, "आगाय, तुमचं अगदी बरोबर आहे, पण रस्ता हवा."

घरी येऊन पडून राहिलो. खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. आणि एक शंकाही येते. माझं तळ्यावर प्रेम आहे की अध्यक्षपदावर? शाळा सुटल्यापासून माझं ऐकायला कोणी सक्तीने बसत नाही. समितीच्या सभेत निदान कुल्याश बसते, लोकर कातत का होईना.

मग उठून तळ्यावर गेलो. माझी आई इथे कमरेइतक्या पाण्यात उभी राहून बोरू कापायची. त्याच्या चटया विणून तिने आम्हाला वाढवलं. मी काठावर बसायचो. हंसाकडे खडा जरी भिरकावला तर ती ओली ओली येऊन कानाखाली द्यायची. हंस पवित्र, त्याला दुखवणाऱ्याचं घर बसतं, असं म्हणायची. तिची कबर तिकडे टेकाडावर आहे, पण ती मला आठवते ती या पाण्यातच. इथे डांबर पडलं तर मी तिला कुठे बघायला जाऊ?

अध्यक्षपद नसतं तरी मला हे तळं हवं होतं. हे आज समजलं, बरं झालं.

११ मे

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा.

तलगातचे वरिष्ठ अमानताय साहेब जिल्ह्याहून पाहणीला येणार होते. मी म्हटलं, मेंढा कापू, मीठ खाल्लेला माणूस तळं बुजवताना दोनदा विचार करेल. कुल्याश पैशासाठी कुरकुरेल असं वाटलं होतं, पण ती मी बोलायच्या आधीच मेंढा निवडून बसली होती.

आमच्यात ताटातली हाडं मान बघून वाढतात. कोणाच्या पुढे कुठलं हाड, यावरून भावकीतली बोलणी वर्षानुवर्षं बंद झालेली आहेत. मेंढ्याचं डोकं मुख्य पाहुण्याला. मी ते अमानताय साहेबांसमोर ठेवलं, तर त्यांनी हात जोडून मागे सारलं, "माफ करा आगाय, माझे वडील हयात आहेत." बाप जिवंत असलेल्या माणसाने डोकं कापायचं नसतं. हे मी आधी विचारायला हवं होतं. डोकं उचललं, आजेंकडे बघितलं, बेक्तेमिरकडे बघितलं, शेवटी त्याच्यापुढे ठेवलं. तो असा फुलला, जणू रस्त्याचं उद्घाटनच झालं.

त्या गडबडीत साहेब म्हणाले, "आगाय, तुमच्या तळ्याबद्दल सांगायचं तर, तलगातने मला..."

"कामाचं जेवणानंतर," मी त्यांना थांबवलं. मांस पोटात जायच्या आत निर्णय ऐकायचा नाही असं मी ठरवलं होतं.

स्वयंपाकघरातून कुल्याश एकेक ताट माझ्या हातात देत होती आणि हळूच सांगत होती, हे त्याला, हे ह्याला. शेवटचं ताट दिलं आणि म्हणाली, "हे तलगातपुढे." मी ठेवलं. त्याने मोठा तुकडा उचलून खाल्ला. आणि सगळे जेवायचे थांबून त्याच्या ताटाकडे बघायला लागले.

ताटात तोस होता. मेंढ्याच्या छातीचा तुकडा. तो फक्त जावयाला देतात. आयुष्यभर मला माझ्या सासऱ्याकडे तोच मिळत आला, हे मला कळू नये?

मी धाव घेतली. म्हटलं, "हा तुकडा कच्चा राहिलाय वाटतं, दे इकडे." ताट ओढायला लागलो. तलगात कानापर्यंत लाल झाला होता, पण त्याने ताट सोडलं नाही. "छान शिजलंय, आगाय," म्हणाला आणि दुसरा घास घेतला.

"खाल्ला तो खाल्ला," बातिमा आजे म्हणाल्या. "आता काय पोटातून काढणार?"

साहेबांनी तलगातच्या पाठीवर थाप मारली. बेक्तेमिर डोकं हातात धरून बघत राहिला, म्हणजे मेंढ्याचं. मग गाणी झाली, मिठ्या झाल्या, साहेब निघून गेले, आणि तळ्याबद्दल चकार शब्द निघाला नाही.

नक्कीच मी ताटांची अदलाबदल केली. आमच्या संसारात कुल्याशच्या हातून ताट कधी चुकलेलं नाही. तिला तसं म्हटलं, की दोष तुझा नाही, माझाच. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं, तुमचा."

१२ मे

सकाळी मार्जानची क्षमा मागितली. म्हणालो, "पोरी, मी सुधारलेल्या विचारांचा माणूस आहे. तोस खाल्ला म्हणून तुला कोणी कोणाच्या गळ्यात बांधणार नाही. वेळ पडली तर मी गावासमोर उभा राहून चूक कबूल करेन."

तिने तोंड टॉवेलमध्ये लपवलं. खांदे गदगदत होते. बिचारी किती रडली. मग टॉवेलमधूनच म्हणाली, "नको पापा. तळ्यासाठी मी सहन करीन."

असं लेकरू देव सगळ्यांना देवो. मी अंगणात जाऊन डोळे पुसले. कुल्याश तिथे आधीच तोंड फिरवून उभी होती, तिचेही खांदे हलत होते.

२० मे

तलगातचे हाल बघवत नाहीत. जावयाला सासुरवाडीत नाही म्हणता येत नाही, आणि तोस खाल्ल्यामुळे अख्खं गाव त्याची सासुरवाडी झालंय. आजेंनी त्याच्याकडून लाकडं फोडून घेतली. शाळेतल्या मोठ्या मुली मेव्हण्या म्हणून पुढे झाल्या आणि त्याचं तीन पायांचं यंत्र पळवलं. चॉकलेटं वाटल्यावर परत मिळालं. बेक्तेमिरने मुलीचा काका या नात्याने आपल्या घराचं छप्पर शाकारून घेतलं. वर चढलेला पोरगा घामाने निथळत होता आणि शीळ घालत होता. संकटात असा हसतमुख राहणारा माणूस मी पाहिला नाही.

वाईट वाटतं ते एवढंच की अहवालाचं त्याला विचारता येत नाही. सासरा झाल्यावर विचारलं तर लोक म्हणतील मुलीच्या बदल्यात तळं मागतो. म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो आहे. रोज सकाळी जाऊन बघतो, तळं आहे का. आज पिल्लं दिसली, राखाडी रंगाची. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?

८ जून

आज बोलणी झाली. तलगातचे आईवडील आले आणि व्याह्यांच्या बाजूचे मुख्य म्हणून अमानताय साहेब. तलगातच्या आईने मार्जानच्या कानात डूल घातले. पोरगी इतकी सुंदर दिसली की मी खिडकीकडे बघत राहिलो.

मग साहेबांनी विचारलं, "आगाय, कलिन काय घ्याल? संकोच करू नका."

कलिन म्हणजे वधूमूल्य. ही मागासलेली प्रथा आहे असं मी नोकरीभर वर्गात सांगत आलो. फळ्यावर लिहून पोरांकडून वदवून घेतलं. मी तोंड उघडलं ते हेच सांगायला की आम्हाला काही नको.

इतक्यात कुल्याश कुयरुक-बाउरचं ताट घेऊन आली. मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि काळीज. व्याह्यांनी ते एकमेकांना भरवलं की सोयरीक पक्की, मग शब्द फिरत नाही. साहेबांनी घास उचलून माझ्या तोंडाशी आणला. आणि मला दिसलं, हा घास गिळला की माझ्या हातात काही उरत नाही. मुलगीही गेली आणि तळंही. मी तोंड घट्ट मिटलं.

"काय झालं, आगाय?"

"कलिन घेणार," मी दात न उघडता म्हणालो.

बेक्तेमिर पुटपुटला, "आता घोडा मागेल."

"रस्ता टेकडीमागून न्या. बोरूच्या तळ्याला हात लावायचा नाही. हे कलिन. नसेल जमत तर चरबी परत न्या. मुलगी माझी मी सांभाळीन, तिला हवं ते शिकवीन आणि हंस दाखवीन."

साहेबांनी तलगातकडे बघितलं. तलगातने खाली सतरंजीकडे बघितलं. मार्जानने आईकडे बघितलं. साहेबांच्या हातातल्या चरबीचे थेंब त्यांच्या बाहीवर पडत होते. मग ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मागणी मोठी आहे, आगाय. पण मुलगी त्याहून मोठी. दिलं. टेकडीमागून."

मी तोंड उघडलं. इतका गोड घास मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि चरबी मला डॉक्टरने बंद केलेली आहे. बायकांनी रिवाजाप्रमाणे साहेबांच्या गालांना दही फासलं. ते इतके हसले, इतके हसले की त्यांना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं. मोठा दिलदार माणूस.

९ जून

जावयाला रस्ता कुठून जावा ते दाखवायला टेकडीमागे घेऊन गेलो. तर तिथे लाल खुंट्यांची ओळ आधीच होती, पार वळणापर्यंत. कालच्या काल ठोकल्या म्हणायच्या. कामाला वाघ आहे पोरगा. फक्त एक गोष्ट समजली नाही, खुंट्यांभोवती गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि एकीवर पाखराने घरटं बांधलं होतं. यंदा पाऊस बरा झाला आहे.

"तळ्याखालची जमीन भुसभुशीत आहे, आगाय," तलगात म्हणाला. "तिथे रस्ता दोन हिवाळेही टिकला नसता. मी पहिल्याच आठवड्यात..."

"आता कारणं शोधू नकोस," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू सासऱ्याचा शब्द राखलास, एवढं पुरे."

नव्या मार्गात माझं गवताचं रान जातं आहे, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. संध्याकाळी दुकानासमोर बेक्तेमिर म्हणाला, "मुलगी दिली, रान दिलं, मिळालं काय? डास."

या वेळी उत्तर जागेवरच सुचलं. म्हटलं, "हो. आणि ते सगळे माझे."

२ ऑक्टोबर

हंस परवा गेले. पिल्लं आता पांढरी व्हायला लागली आहेत, तीही बरोबर गेली.

आज मार्जान गेली. लग्न परवाच झालं, त्याचं वर्णन करत बसत नाही, गाणी लांबली आणि मी भाषण केलं. आज सकाळी निघण्याआधी तिने चहा ठेवला. गाडी फाटकाशी उभी होती, तलगात सामान बांधत होता. ती नेहमीच्या जागी बसली आणि माझी वाटी उचलली. घाई असेल, तिने ती जवळजवळ भरली.

"इतका नको," मी म्हणालो. "थोडा ओत."

तिने माझ्याकडे बघितलं. वाटीतला चहा परत किटलीत घातला आणि इतका थोडा ओतला की तळाचं फूल दिसत राहिलं. मी प्यालो आणि वाटी पुढे केली. तिने पुन्हा ओतला, पुन्हा फूल. कुल्याश दाराशी उभी होती. बाहेर तलगात सामान बांधून झाल्यावर गाडीत बसला, मग उतरला, मग चाकाशी जाऊन उगाच खाली वाकून बसला.

मध्येच मला एप्रिलमधला तो चहा आठवला. गारा, भिजलेला पोरगा, आणि अशीच दिसत राहिलेली फुलं. मी मार्जानकडे बघितलं. ती मान खाली घालून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रीत विसरली नव्हतीस तर तू," मी म्हणालो.

"नाही, पापा."

किटलीत अजून चहा होता. मी वाटी पुढे केली.